सरकीचे पाकीट आणि एकस्वाचा हक्क

मृगाच्या तोंडावर विदर्भातला शेतकरी कापसाच्या बियाण्याचे पाकीट विकत घेतो, तेव्हा तो दोन वस्तूंचे मोल मोजत असतो: एक सरकीचे आणि दुसरे त्या सरकीत दडलेल्या शोधाचे. बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाच्या लागवडीस भारतात 2002 साली परवानगी मिळाली. अमेरिकेची मोन्सँटो आणि जालन्याची महिको यांच्या भागीदारीतील कंपनीने हे तंत्र देशी बियाणे कंपन्यांना परवान्याने दिले आणि दर पाकिटामागे शुल्क आकारले. प्रारंभी पाकीट 1600 रुपयांच्या आसपास पडे. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा या शुल्काचा असे. आंध्र प्रदेश सरकारने 2006 साली मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा कोठे किंमत 750 रुपयांवर आली.

संशोधकाला श्रमाचे फळ मिळू नये, असे कोणीही म्हणणार नाही. एकस्व हा समाजाने त्याच्याशी केलेला करारच होय: त्याने आपली विद्या उघड करावी आणि समाजाने 20 वर्षे तिच्यावरचा त्याचा हक्क राखावा. परंतु आपल्या विहिरीवर हक्क सांगणे निराळे आणि तहानेल्याला दुसऱ्याच्या विहिरीची वाट अडवणे निराळे. 2002 च्या स्पर्धा अधिनियमाने हा भेद ओळखला आहे. त्याचे तिसरे कलम हक्काच्या रक्षणासाठी घातलेल्या वाजवी अटींना मोकळीक देते. वर्चस्वाच्या दुरुपयोगाविषयीच्या चौथ्या कलमात तशी मोकळीक नाही.

याच आधारावर फेब्रुवारी 2016 मध्ये स्पर्धा आयोगाने, परवाना संपुष्टात आणण्याच्या अटी प्रथमदर्शनी जाचक मानून, चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी केंद्र सरकारने पाकिटाची किंमत 800 रुपये आणि त्यातील शुल्क 49 रुपये ठरवले. चौकशीचा वाद न्यायालयात चालू असताना गुलाबी बोंडअळी त्या तंत्राला जुमानेनाशी झाली आणि 2020 च्या हंगामात शुल्क शून्यावर आले. 2021 मध्ये कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, अशा वर्तनाचा विचार एकस्व अधिनियमानेच व्हावा, असा निर्णय देऊन आयोगाची कारवाई रद्द केली. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयोगाचे अपील फेटाळले.

एकस्व अधिनियम दुबळा आहे, असे मात्र नव्हे. मार्च 2012 मध्ये मुंबईत एकस्व नियंत्रकांनी कर्करोगावरील एका औषधाचा सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे 2,80,000 रुपयांचे ते औषध 8,880 रुपयांत देण्याची अट त्यात होती. पण असा परवाना मागणाऱ्यापाशी ती वस्तू स्वतः निर्माण करण्याची ऐपत असावी लागते. ती कारखानदारापाशी असते. पाच एकरांच्या कास्तकारापाशी नसते.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. दोन व्यापाऱ्यांचे भांडण तडजोडीने मिटते. परंतु पाकिटाचे पैसे मोजणारा त्या तडजोडीत पक्षकार नसतो. त्याच्या वतीने विचारपूस करणारे एखादे दार उघडे राहावे, म्हणूनच स्पर्धेचा कायदा असतो. ते दार आयोगाचे असावे की एकस्व नियंत्रकाचे, हे संसदेने ठरवावे. मात्र पेरणीपूर्वी ते उघडले पाहिजे, कारण पाऊस निकालासाठी थांबत नाही.