पुरस्कार कोणाच्या लेखणीला?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



विश्वरत्न परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझे विचार मांडतो. परखड राजकीय लेखनासाठी आपल्या संस्थेने दरवर्षी एक पुरस्कार द्यावा, असा प्रस्ताव आज आपल्यापुढे आहे. काही बंधूंचे म्हणणे असे की, हा पैसा पुरस्कारावर खर्च करण्यापेक्षा गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी द्यावा. हा आक्षेप क्षुल्लक नाही. म्हणून पुरस्काराने नेमके काय साधते, हे आधी तपासू या.

ज्या ब्रिटनमध्ये आपण राहतो, तेथील राजकीय लेखनाचा नामांकित पुरस्कार जॉर्ज ऑर्वेल यांच्या नावाने दिला जातो. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतीहारीचा. त्यांच्या 'ॲनिमल फार्म' या कादंबरीला अनेक प्रकाशकांनी नकार दिला, कारण त्या वेळी सोव्हिएत रशिया ब्रिटनचा युद्धातील मित्र होता आणि मित्रावर टीका कोणासच नको होती. अखेर १९४५ साली ते पुस्तक निघाले. पुढे प्रा. बर्नार्ड क्रिक यांनी ऑर्वेल यांचे चरित्र लिहिले, त्याच्या मानधनातून स्मृती न्यास उभा केला आणि १९९३ साली या पुरस्काराला आजचे रूप दिले. रक्कम मोठी नाही. तीन हजार पौंड. परंतु ज्याचे हस्तलिखित दारोदार फिरले, त्याच्या नावाने आज नव्या लेखकांना बळ मिळते. २०१५ साली ब्रिटनमधील सामाजिक दुष्प्रवृत्ती उघड करणाऱ्या पत्रकारितेसाठी आणखी एक पुरस्कार ऑर्वेल यांच्याच नावाने सुरू झाला.

मित्रहो, नकाराचा हा अनुभव आपल्याला परका नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः नमूद करून ठेवले आहे. ज्यांना वाचा नव्हती त्यांच्या पत्राला जाहिरातीपुरतीही जागा मिळाली नाही! अशा वेळी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. हे साहाय्य झालेल्या कार्याचे बक्षीस नव्हते. कार्य व्हावे म्हणून पुढे केलेला हात होता. नंतर १९२७ ते १९२९ या काळात 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेबांना एकट्याने अंकाचे रकानेच्या रकाने भरावे लागले आणि पत्राचे ऋण समाजाने फेडावे, अशी साद वाचकांना घालावी लागली. लेखणी तेजस्वी असूनही केवळ पैशाअभावी पत्रे बंद पडली, हा आपला इतिहास आहे.

पुरस्काराची मर्यादा येथेच दिसते. ज्याचा लेख छापला गेला, त्यालाच पुरस्कार मिळू शकतो. ज्याला वृत्तपत्राच्या दारातच प्रवेश नाही, त्याचे काय? १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीतील अधिस्वीकृत पत्रकारांत दलित पत्रकाराचा शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत माध्यमांतील नेतृत्वाची १२१ पदे तपासली गेली. त्यांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती नव्हती. अशा स्थितीत पुरस्कार प्रस्थापितांकडून प्रस्थापितांकडेच फिरत राहण्याचा धोका आहे.

परंतु याला अपवादही आहेत. २००२ साली उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे 'खबर लहरिया' हे बुंदेली भाषेतील पत्र सुरू झाले. ते चालवणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दलित व ग्रामीण. अवघ्या दोन वर्षांनी, २००४ साली, त्यांना चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला. मोठ्या शहरातील संपादकांनी ज्यांची कधी दखल घेतली नसती, त्या भगिनींकडे देशाचे लक्ष गेले. पुरस्कार योग्य हातात योग्य वेळी पडला, तर तो काय करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

आणखी एक प्रश्न देणाऱ्याचा. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २००७ साली मॅगसेसे पुरस्कार स्वीकारला. शासनाचे सन्मान मात्र नाकारले. ज्या सरकारविषयी लिहावयाचे, त्याच सरकारकडून पत्रकाराने पुरस्कार घेऊ नये, ही त्यांची भूमिका. हा नियम केवळ सरकारला लागू नाही, आपल्यालाही लागू आहे. ज्या चळवळीचे आपण पाईक आहोत, तिच्यातील गटबाजीवर, नेत्यांच्या तडजोडींवर कोणी प्रामाणिकपणे लिहिले, तर त्याला आपण सन्मानाने व्यासपीठावर बोलावणार आहोत काय? तेवढी तयारी नसेल, तर पुरस्काराचे नावही काढू नये. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी स्वतः सांगितला होता, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून प्रस्तावास माझा पाठिंबा आहे. मात्र चार अटींवर. पहिली, परीक्षक संस्थेबाहेरचे असावेत आणि पदाधिकाऱ्यांनी निर्णयात हस्तक्षेप करू नये. दुसरी, आपल्यावरील टीकाही पुरस्कारास पात्र असावी. तिसरी, निवडलेल्या लेखनावर जाहीर चर्चा व्हावी आणि त्याचा प्रतिवादही या स्मरणिकेत छापला जावा. कारण पुरस्काराने वाद मिटवायचा नसतो, तो विवेकाने सुरू करावयाचा असतो. चौथी अट सर्वांत महत्त्वाची. निम्मी रक्कम अजून लिहावयाच्या लेखनासाठी द्यावी. गावाकडच्या एखाद्या तरुण मुलामुलीला प्रवासाचा, कागदपत्रे मिळवण्याचा, चार महिने निश्चिंतपणे काम करण्याचा खर्च मिळावा. असे केले तर शिष्यवृत्ती आणि पुरस्कार यांतील वादच उरत नाही.

बंधू-भगिनींनो, शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांनी मूकांना नायक मिळाला. आपण परदेशात चार पैसे मिळवले आहेत. त्यांतील थोडे आपल्याला न रुचणारे सत्य लिहिणाऱ्यासाठीही बाजूला काढू या. हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम! जय भारत!