‘ट्रेझर आयलंड’मधील हिशेब
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



वाचनाविषयी बोलताना आज आम्ही एक समुद्रसफरीची कादंबरी निवडली आहे : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाची ‘ट्रेझर आयलंड’. सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी सुरू झालेली ही गोष्ट १८८१-८२ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः छापली गेली व १८८३ साली पुस्तकरूपाने आली.

गलबत, चाचे, नकाशा, पुरलेला खजिना यांत मुले रमतात; रमावेच. परंतु आमचा दिवस बँकेत पैसे मोजण्यात जातो, म्हणून आमचे लक्ष त्यातील हिशेबाकडे गेले.

जिम हॉकिन्स हा सराईवाल्याचा मुलगा. वडील वारलेले. सराईत राहिलेला एक चाचा पैसे थकवून मरतो. मायलेक त्याची पेटी उघडतात. लुटारू कोणत्याही क्षणी येतील, तरी आई नाणी मोजत बसते. आपले येणे तेवढेच घ्यायचे, वर एक दमडीही नको! दुसरे शील आपण रोज म्हणतो. ती बाई ते न म्हणता पाळते.

उलट लाँग जॉन सिल्व्हर पाहा. एका पायाचा, गोडबोल्या, काटकसरी. सोबती मिळेल ते उडवतात, हा बँकेत ठेवतो. बचतीबद्दल त्याला कोणीही शाबासकी देईल! पण पैसा लुटीचा. खात्यात रक्कम दिसते, ती कशी आली ते दिसत नाही. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका का सांगितली, ते येथे कळते.

पुढे जिम सिल्व्हरच्या हाती सापडतो. डॉक्टर ‘पळ’ म्हणतात. जिम पळत नाही, कारण त्याने तसा शब्द दिलेला असतो. इंग्लंडहून निघालेल्यांपैकी पाचच जण परततात. बेटावर तीन वर्षे एकटा काढलेला बेन गन आपले हजार पौंड १९ दिवसांत संपवतो. तृष्णेचा हिशेब हा असा!

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. नाण्यांची रास पाहून तिच्यामागचे रक्त जिमच्या मनात येते. परंतु हे धन ज्यांचे लुटले त्यांचे काय, हे कोणी विचारत नाही. सज्जन मंडळीही वाटे करून घेतात. आईचे माप तेथे कोणी लावत नाही.

विद्यार्थी मित्रहो, पुस्तक आनंदाने वाचा आणि हा प्रश्न तुम्ही विचारा. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, ते याचसाठी.

नमो बुद्धाय! जय भीम!