चारशे लोकांच्या गावाचा कारभार

जपानच्या शिकोकु बेटावर, कोची प्रांतातल्या डोंगरांत ओकावा नावाचं गाव आहे. लोकसंख्या जेमतेम चारशे, गावसभागृहाचे सदस्य सहा. जपानमधली अशी सभागृहं साधारण वर्षातून चारदा भरतात. मार्चमध्ये अंदाजपत्रक मंजूर होतं, कारण तिथलंही आर्थिक वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं. सप्टेंबरात मागच्या वर्षाचा जमाखर्च तपासतात. बाकी विषय आपल्या ओळखीचेच: रस्ते, पाणी, शाळा.

२०१७ मध्ये मात्र ओकावापुढे पेच उभा राहिला. पुढच्या निवडणुकीला पुरेसे उमेदवारच मिळणार नाहीत, अशी भीती! गावाचं कंत्राट घेणाऱ्याला सदस्य होता येत नसे, आणि एवढ्याशा गावात अनेकांची रोजीरोटी गावाच्याच कामांवर. तेव्हा गावप्रमुखांनी वेगळा पर्याय तपासला: सभागृहाऐवजी सगळ्या मतदारांची सभा. स्थानिक कारभाराच्या १९४७ च्या जपानी कायद्यात तशी सोय आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत आणि ग्रामसभा दोन्ही असतात. तिथे मात्र एकीच्या जागी दुसरी. पण दूरदूरच्या वाड्यांतल्या वृद्धांना एकत्र आणून गणपूर्ती करणं कठीण, म्हणून तो विचार थांबला.

पुढे २०२२ मध्ये देशाचा कायदाच सैल झाला. आता गावाचं वर्षाला तीस लाख येनपर्यंतचं काम घेणाराही सदस्य होऊ शकतो. श्रोतेहो, लहान गावाची लोकशाही टिकवायची, तर नियमांनी गावातल्या माणसांची परिस्थिती ओळखलीच पाहिजे.