छंद आणि विद्यार्थी



आज गुणवंतांचा सत्कार झाला, हे योग्यच झाले. परंतु महाविद्यालयात शिकणारा मुलगा पेटी वाजवू लागला किंवा मुलीने कुंचला हाती धरला, की ‘याचे परीक्षेत गुण मिळतात काय?’ असा प्रश्न आपल्याच घरांतून विचारला जातो. त्याचे उत्तर या पुण्यातच आहे.

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा सुरू केली. करंडक एकाच महाविद्यालयास मिळतो. तालमीचा आनंद मात्र सर्वांच्या वाट्यास येतो. कोणी संवाद लिहितो, कोणी पडदा रंगवितो, कोणी नुसते दिवे सांभाळतो. डॉ. जब्बार पटेल व डॉ. मोहन आगाशे हे दोघेही येथील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. नाटकाचा नाद असूनही दोघे डॉक्टर झाले. आणि १९७२ साली भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले, तेव्हा पटेल दिग्दर्शक होते व आगाशे नाना फडणवीस.

प्रत्येकाने कीर्ती मिळवावी, असे आम्ही म्हणत नाही. दिवसाकाठी अर्धा तास, बक्षिसाची आशा न धरता, स्वतःच्या हातांनी काही घडवावे, एवढेच आमचे सांगणे. परीक्षा संपतात, नोकरीही संपते. हातचा छंद मात्र सोबत राहतो, हे आमच्यासारख्या सेवानिवृत्तास विचारावे.

पालकांस विनंती इतकीच की, परीक्षा जवळ आली म्हणून पेटी माळ्यावर टाकू नये.