पत्त्यांची वही
(वार्षिक संमेलनात संपर्क समितीच्या वतीने झालेले भाषण)



संपर्क समितीचे काम तसे रुक्ष. त्यावर भाषण ते काय करावयाचे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटत असेल. तथापि ज्या प्रश्नाविषयी आम्ही बोलणार आहो तो आपणा सर्वांच्या घरचा आहे. मंडळास एखादी महत्त्वाची गोष्ट प्रत्येक कुटुंबास कळवावयाची झाली, तर आज ती खात्रीने कळेल काय?

पूर्वी मंडळाच्या कपाटात पत्त्यांची एक जाड वही असे. परिपत्रके आणि ही स्मरणिका त्या वहीवरून टपालाने घरोघर जात. पुढे मंडळी उपनगरांत पांगली, कोणी पुण्यास, कोणी आखाती देशांत, कोणी अमेरिकेस गेली. वहीतले पत्ते जुने झाले आणि स्मरणिकेच्या प्रती परत येऊ लागल्या. अशा वेळी व्हॉट्सॲप हाती आले. गावकऱ्यांचा गट झाला, वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांचा झाला, महिला शाखेचा झाला, वधूवरांचा झाला. आता वहीचे काय काम, असे सर्वांनीच धरून चालले.

परंतु गट म्हणजे पार आहे. पारावर गप्पा होतात, सुखदुःख कळते, हे सर्व इष्टच आहे. पण पारावर दिलेली दवंडी जो त्या घटकेस तेथे असेल त्यालाच ऐकू येते. मंडळाच्या शिष्यवृत्तीची सूचना सकाळी टाकली, तर दुपारपर्यंत ती सुप्रभातच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली पुरली जाते. एका गरजू विद्यार्थिनीच्या वडिलांस अर्जाची मुदत उलटल्यावर ती सूचना दिसली. त्या कुटुंबाचा दोष नव्हता, गटचालकाचाही नव्हता. शिवाय गटास संख्येची मर्यादा आहे. २०२२ साली ती वाढविण्यात आली तरी एका गटात १०२४ जणच मावतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पार आपल्या मालकीचा नाही. २००४ साली निघालेल्या ऑर्कुटवर अनेक समाजांचे मेळावे भरत असत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. याहूच्या गटांवर परदेशस्थ मराठी मंडळींचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता. २०१९ च्या ऑक्टोबरात तेथे नवीन साहित्य चढविणे थांबले, पुढे जुना संग्रह काढून टाकण्यात आला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ते गटही मिटले. ज्या मंडळांनी सभासदांचे पत्ते निराळे लिहून ठेविले होते त्यांचे सभासद टिकले. म्हणून आमचे म्हणणे असे की, गट राहू द्यावेत, पण गटांतून माणसे मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळापर्यंत आणावीत, आणि तेथे त्यांनी आपण होऊन आपला ई-मेल पत्ता आपल्या वहीत लिहावा.

आता हे घडावे कसे? ‘आमच्या संकेतस्थळास भेट द्या’ असे रोज ओरडून कोणी येत नाही. उलट लोक गट सोडून जातात. माणूस येतो तो कामासाठी किंवा ओढीने. जून-जुलैत पालक विचारतात की, उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, महाडीबीटीवर अर्ज कसा भरावयाचा, कोणती कागदपत्रे लागतात. गटात दरवर्षी तेच प्रश्न आणि तीच अर्धवट उत्तरे. आमच्या कार्यकर्त्यांनी ही माहिती सोप्या मराठीत एकत्र लिहून संकेतस्थळावर ठेविली. आता कोणी विचारले की प्रथम दोन ओळींत सरळ उत्तर देतात आणि मग त्या पानाचा दुवा देतात. उत्तर न देता नुसता दुवा फेकणे हे दारी आलेल्या पाहुण्यास पाणीही न विचारता वर्गणीची पावती पुढे करण्यासारखे आहे. परक्या गटात, म्हणजे गावच्या किंवा गृहसंस्थेच्या गटात, चालकाची परवानगी घेतल्यावाचून आपल्या मंडळाचे काहीही टाकू नये, हेही आम्ही ठरवून घेतले आहे.

ओढीचे उदाहरण फारच गोड आहे. वसतिगृहाच्या जुन्या पेटीत काही छायाचित्रे होती. मागे नावे नव्हती. ती आम्ही संकेतस्थळावर ठेविली आणि गटांत एवढेच विचारले की, दुसऱ्या रांगेतील टोपीवाले गृहस्थ कोण? उत्तरे नातवंडांकडून आली, सुनांकडून आली. एका आजींनी आपल्या यजमानांना त्यांच्या उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखले. ओळख कळविणाऱ्यास आम्ही विचारीत होतो की, पुढील छायाचित्रे आली म्हणजे आपणांस पत्राने कळवू काय? क्वचितच कोणी नको म्हणाले. जी घरे वर्षानुवर्षे आमच्या वहीतून गळली होती ती अशी पुन्हा आली, आणि तीही वर्गणीचा शब्द न काढता.

येथे हॉटमेलची गोष्ट सांगण्याजोगी आहे. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी ही ई-मेलची सेवा सुरू केली. जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, आपणांसही असे खाते फुकट मिळेल, या अर्थाची एक ओळ असे. जाहिरातीवर मोठा खर्च न करता दीड वर्षात ऐंशी लाखांहून अधिक लोक आले. कारण ती ओळ ओळखीच्या माणसाच्या पत्राखाली होती. आम्हीही मंडळाच्या प्रत्येक पत्राखाली लिहितो : हे पत्र आपल्या ज्या आप्तास उपयोगी पडेल त्यास पाठवावे, आणि त्यास हवे असल्यास त्याने येथे नाव नोंदवावे.

नाव त्यानेच नोंदवावयाचे, यावर आमचा कटाक्ष आहे. काही उत्साही तरुणांची सूचना होती की, गटांतील सर्व क्रमांक आणि पत्ते एकदम उचलून यादीत घालावेत. एका रात्रीत काम होईल. आम्ही ती मान्य केली नाही. वधूवर गटात मुलींची माहिती, छायाचित्रे, वडिलांचे क्रमांक विश्वासाने दिलेले असतात. ते एका कामासाठी दिलेले असता दुसऱ्या कामास वापरले, तर उद्या कोणता बाप आपल्या मुलीची माहिती मंडळाकडे देईल? कायद्याचेही तेच म्हणणे आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सांगतो की, संमती स्पष्ट असावी, कशासाठी ते सांगून घेतलेली असावी आणि दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती आईवडिलांची असावी. म्हणून विद्यार्थ्यांच्या यादीत आम्ही पालकांचाच पत्ता घेतो. यादी दोघांजणांपाशी असते. तिची प्रत गटात फिरत नाही.

थोडे तांत्रिक सांगतो आणि पुरे करतो. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाकाठी पाचशेहून अधिक जणांस पत्र जात नाही. म्हणून मोठ्या यादीसाठी निराळी सेवा घ्यावी लागते. पत्र उपद्रवी असल्याची खूण करणाऱ्यांचे प्रमाण हजारी तीनपर्यंत जाऊ नये, असा गूगलचा दंडक आहे. तीनशे घरांत एकानेच तशी खूण केली तरी आपण ती मर्यादा ओलांडली आणि मग शिष्यवृत्तीचे पत्रही कचऱ्याच्या टोपलीत जाण्याचा धोका. यास्तव ज्याला पत्रे नको असतील त्याचे नाव तत्काळ आणि न रागावता काढावे. प्रत्येक गटास दिलेल्या दुव्यास आम्ही वेगळी खूण ठेवितो, तेणेकरून कोणत्या गटातून किती जण आले ते कळते. पहिला क्रमांक महिला शाखेचा लागला, हे पुरुष मंडळींनी ऐकून ठेवावे.

मंडपाच्या दाराशी टेबलावर छापील तक्ते ठेविले आहेत. एका घरातून निदान दोन पत्ते द्यावेत, एक वडीलधाऱ्यांचा व एक तरुणाचा. शिष्यवृत्ती, वधूवर आणि संमेलन यांपैकी कशाविषयी पत्र हवे त्यापुढे खूण करावी. ज्यांस बारीक अक्षर दिसत नाही त्यांचे आमची मुले लिहून घेतील. मात्र लिहून झाल्यावर पत्ता मोठ्याने वाचून घ्यावा. टपालवाला चुकलेले अक्षर सावरून घेत असे, ई-मेल घेत नाही.