डोळे पिवळे होण्याआधी: आरोग्य आणि आजाराच्या मूलभूत संकल्पना

आजचा विषय कम्युनिटी हेल्थच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला येतो. आरोग्य म्हणजे काय, आजार म्हणजे काय, तो कसा सुरू होतो आणि कुठे थांबवता येतो. व्याख्या पाठ करून पाच मार्क मिळतात, म्हणून हा धडा सगळ्यांना सोपा वाटतो. माझ्या मते पूर्ण अभ्यासक्रमात हाच धडा सगळ्यात कमी समजलेला असतो.

मी रायपूरला शिकवते. ज्यांनी रायपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, शहराच्या जुन्या भागात, मालवीय रोडला लागून गोलबाजार आहे. पूजेचं सामान, लग्नाचं सामान, मसाले, भांडी, जडीबुटी, सगळं तिथे मिळतं. जवळच तात्यापारा आहे, जिथे जुनी मराठी घरं आहेत. गल्ल्या अरुंद, दुकानाला दुकान चिकटलेलं, समोर उघडी नाली. आज आपण या बाजाराला आपली प्रयोगशाळा करू आणि एकच दुखणं धरून चालू: कावीळ. छत्तीसगडमध्ये तिला पीलिया म्हणतात.

कावीळच का? कारण ती या शहराची ओळखीची आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये रायपूरच्या नहरपारा भागात काविळीने माणसं दगावली. 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, शहरात पुन्हा कावीळ पसरली. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना 2012 ची इचलकरंजीची साथ ऐकून माहीत असेल. या साथींमध्ये बहुतेक वेळा एकच नाव पुढे येतं, हेपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून येणारा विषाणू.

आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. हे उदाहरणासाठी घेतलेलं कुटुंब आहे. गोलबाजारातल्या एका दुकानात माल उचलणारा बावीस वर्षांचा मुलगा. घरी आई, भाऊ, आणि वहिनी, तिला आठवा महिना लागलेला. एका सकाळी नळाला जरा गढूळ पाणी आलं. उन्हाळ्याचे दिवस, तहान लागलेली, मुलगा दोन पेले प्यायला आणि कामावर गेला.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही त्याला विचारलं, "तब्येत कशी आहे?" तो म्हणेल, एकदम बढिया. दहा दिवसांनी विचारलं, तेच उत्तर. वीस दिवसांनीही तो पोती उचलतोय, हसतोय, गुपचुप खातोय. तुमच्याकडे पाणीपुरी म्हणतात, तीच. मग मला सांगा, विसाव्या दिवशी हा मुलगा निरोगी आहे की आजारी?

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या 1948 पासून लागू आहे. तिचा आशय असा की शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्ही बाजूंनी माणूस पूर्ण सुस्थितीत असणं म्हणजे आरोग्य. नुसता रोग किंवा अशक्तपणा नसणं पुरेसं नाही. या व्याख्येवर टीका पुष्कळ झाली. पूर्ण सुस्थितीत कोण असतं? पण आपल्या मुलाला ही व्याख्या लावून बघा. त्याला त्रास काहीच नाही, तरी यकृतात विषाणू वाढतोय. त्याच्या घरी सुरक्षित पाणी नाही. म्हणजे बरं वाटणं आणि निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. इंग्रजीतले दोन शब्दही वेगळे ठेवा: डिसीज म्हणजे शरीरात घडणारी बिघाडाची प्रक्रिया, इलनेस म्हणजे माणसाला जाणवणारं दुखणं. विसाव्या दिवशी मुलाला डिसीज आहे, इलनेस नाही.

पाणी पिण्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा हा काळ म्हणजे इन्क्युबेशन पीरियड, अधिशयन काळ. हेपॅटायटिस ईमध्ये तो साधारण 2 ते 10 आठवडे, सरासरी 5 ते 6 आठवडे असतो. हा आकडा नुसता पाठ करू नका, त्याचा अर्थ बघा. आज दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांचे वीस पेशंट आले, तर ते महिनाभरापूर्वीचं पाणी दाखवतायत. नर्सने "काल काय खाल्लं?" विचारून उपयोग नाही. विचारायचं, "मागच्या महिन्यात पाणी कुठलं प्यायलात? नळाला वास येत होता का?"

यालाच आपण आजाराचा नैसर्गिक इतिहास म्हणतो, नॅचरल हिस्टरी ऑफ डिसीज. आपल्या मुलाचा इतिहास पुढे असा जातो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात भूक मेली, मळमळ, बारीक ताप, पोटात उजव्या बरगडीखाली जडपणा. मग लघवी गडद पिवळी, आणि नंतर डोळे. मग काही आठवड्यांत, बहुतेकांच्या बाबतीत 1 ते 6 आठवड्यांत, आजार आपोआप ओसरतो. या विषाणूवर साध्या रुग्णाला देण्याचं खास औषध नाही. आराम, पाणी, झेपेल ते अन्न, दारू बंद, आणि डॉक्टरांना न विचारता एकही गोळी नाही, कारण कितीतरी औषधं यकृताकडूनच जातात.

"आपोआप ओसरतो" हे शब्द अधोरेखित करा, कारण झाडफुंक त्यावरच चालते. डोळे पिवळे झाले की आई मुलाला दवाखान्यात नेत नाही, पीलिया झाडायला नेते. तिथे हातांवर कसल्यातरी सालीचा रस चोळतात आणि हात चुन्याच्या पाण्यात धुतात. पाणी पिवळं होतं. घरच्यांना वाटतं, कावीळ उतरली. रस आणि चुना यांचा तो रंग असतो. निरोगी माणसाच्या हातांनीही पाणी तसंच पिवळं होईल. आपल्याकडे महाराष्ट्रात डाग देतात, नाकात थेंब घालतात, गळ्यात माळ घालतात. तीन आठवड्यांनी मुलगा बरा होतो. श्रेय कुणाला? ज्याने हात धुतले त्याला. ज्याला नैसर्गिक इतिहास माहीत नाही, त्याला हा दावा खोडता येणार नाही, म्हणून मी हा मुद्दा लांबवतेय.

आणि हेच प्रकरण वहिनीपाशी येऊन फिरतं. तीही त्याच नळाचं पाणी पिते. एजंट, होस्ट, एन्व्हायर्नमेंट हा त्रिकोण तुम्ही वहीत काढता ना? विषाणू तोच, वातावरण तेच, होस्ट वेगळा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हेपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. चार-पाचांत एक. दिराच्या अनुभवावरून घरातले ठरवतात, "हिलाही झाडून आणू, बरी होईल." दिराला जो वेळ फुकट गेला तरी चाललं, तो वेळ हिच्याकडे नाही. ती गुंगीत बोलू लागली, दिवसा झोपते आणि रात्री जागी राहते, हिरड्यांतून रक्त येतं, उलट्या थांबत नाहीत, तर यकृत हात टेकतंय असं समजायचं.

मग तिच्या सासूला काय सांगाल? "झाडफुंक अंधश्रद्धा आहे" म्हणालात तर दार बंद होईल. मी विद्यार्थिनींना असं सांगते: "मावशी, तुम्हाला हात धुवून आणायचे तर आणा, पोटात मात्र कुठलीही जडीबुटी देऊ नका. पण वहिनींना आज, आत्ता, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मी सोबत येते." हळद बंद, तेल बंद, नुसता उसाचा रस, हेही घरोघरी चालतं. पिवळं खाल्ल्याने कावीळ वाढत नाही. गरोदर बाईला अर्धपोटी ठेवण्याने मात्र नुकसान होतं. आणि उघड्या गाड्यावरचा रस, त्यात कुठल्या पाण्याचा बर्फ, देव जाणे.

आता घरातून पुन्हा बाजारात या. पाणी दूषित झालं कसं? नळाची लाइन कुठेकुठे नालीतून किंवा तिला चिकटून जाते. पाणी चोवीस तास नसतं, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ येतं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, गळतीतून पाणी बाहेर पडतं. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि त्याच भोकातून नालीचं पाणी आत ओढलं जातं. त्यात कुणी लाइनला टुल्लू पंप जोडला की ओढ आणखी वाढते. म्हणून नळ आल्यावरचं पहिलं पाणी सगळ्यात धोक्याचं, आणि गोरगरीब तेच आधी भरून घेतात. त्रिकोणातली एन्व्हायर्नमेंटची बाजू म्हणजे हवामान आणि कचरा एवढंच नाही. पाइप कुणाच्या वस्तीत कधी बदलला जातो, हाही त्यातच मोजा.

दिल्लीत 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. त्या वेळी क्लोरीन वाढवलं होतं. टायफॉइड वाढला नाही, कावीळ मात्र पसरली. जिवाणू मेले, पण इतक्या घाण पाण्यात विषाणू टिकून राहिला. ती साथ हेपॅटायटिस ईची होती, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. म्हणून क्लोरीन टाकलं की काम संपलं असं नाही. एक तासानंतर लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून ते तपासता येतं, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. काविळीच्या या सगळ्या गोष्टीत चांगली बातमी देणारा पिवळा रंग हा एवढाच! साथीत घरच्यांना मात्र सरळ सांगा, पाणी उकळून प्या.

प्रतिबंधाच्या पातळ्या आता वेगळ्या पाठ करायला नकोत. नव्या वस्तीत पाइप नालीपासून दूर टाकणं ही प्राइमॉर्डियल पातळी. पाणी उकळणं, शुद्ध करणं, गळती दुरुस्त करणं ही प्रायमरी. वस्तीतल्या गरोदर बायांची यादी करून प्रत्येकीचे डोळे आणि लघवीचा रंग विचारणं ही सेकंडरी, आणि इथे नर्स आणि मितानीन, म्हणजे छत्तीसगडची आशाताई, डॉक्टरांपेक्षा जास्त जीव वाचवू शकतात. टर्शरी म्हणजे झालेलं नुकसान सावरणं. हेपॅटायटिस ईमध्ये तिथे फार काही उरत नाही.

आइसबर्गचा मुद्दा थोडक्यात. लहान मुलांत हा संसर्ग बहुतेक वेळा लक्षणांशिवाय होतो. वॉर्डातले पिवळे डोळे म्हणजे हिमनगाचं टोक. केस किती हे विचारताना, संसर्ग किती हा वेगळा प्रश्न मनात ठेवा.

शेवटी एक गोष्ट, जी छत्तीसगड आणि विदर्भ दोन्हीकडच्या मुलींनी लक्षात ठेवावी. कावीळ हा आजार नाही, ते चिन्ह आहे. या पट्ट्यात सिकलसेल आहे. त्यात लाल पेशी 120 दिवसांऐवजी 10-20 दिवसांतच तुटतात, आणि तुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन तयार होतं. ते मूलही पिवळं दिसतं. त्याला वर्षातून तीनदा झाडायला नेतात, दर वेळी पिवळेपणा थोडा उतरतो, आणि रक्ताची तपासणी कुणीच करत नाही. इथे विषाणू नाही, नळ नाही. दोष दोन्ही पालकांकडून आलेल्या जनुकात आहे. पाणी उकळून हे थांबणार नाही. 1 जुलै 2023 ला देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात तपासणीवर भर आहे. वारंवार कावीळ, हातपाय दुखणं, रक्त कमी, एवढं एका मुलात दिसलं तर सिकलसेलची तपासणी सुचवा. आणि नवजात बाळ पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसलं तर ते नेहमीचं मानू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सौम्य कावीळ वेगळी.

पुढच्या भागात आपण संसर्गाची साखळी घेऊ. तोवर एक काम करा. आपल्या गल्लीत नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, पहिलं पाणी कोण भरतं, आणि लाइन नालीपासून किती लांब आहे, हे चार दिवस वहीत लिहा. गल्लीत कुणी गरोदर असेल तर तिचं पिण्याचं पाणी कुठून येतं, तेही. या नोंदी घेऊनच पुढच्या भागाला बसा. नमस्कार.