सेवेची तळमळ आणि सेवेचे शिक्षण
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. अशा प्रसंगी वक्त्याने संस्थापकांचे स्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावे आणि संस्थेस दीर्घायुष्य चिंतून खाली बसावे, असा प्रघात आहे. पहिल्या दोन गोष्टी आमच्या आधीच्या वक्त्यांनी आमच्यापेक्षा चांगल्या केल्या आहेत. तेव्हा आम्हांस मिळालेला वेळ आम्ही तिसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे संस्थेच्या दीर्घायुष्याच्या विचारासाठी वापरू इच्छितो. संस्था नुसत्या शुभेच्छांवर जगत नाही. तिचे काम जाणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार व्हावी लागतात. ती कशी तयार व्हावीत, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्यात एक समजूत फार खोल रुजलेली आहे. वैद्यकी करायची तर शिकावे लागते, वकिली करायची तर शिकावे लागते, शिंप्याच्या हाताखालीही पोराला दोन-चार वर्षे काढावी लागतात. परंतु समाजसेवा मात्र कोणालाही, केव्हाही, फावल्या वेळात करता येते, असे आपण धरून चालतो. त्यासाठी अंतःकरण असले म्हणजे झाले! अंतःकरण हवे, याविषयी दुमत नाही. पण अंतःकरण हे बियाणे आहे. आदिलाबादच्या काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्या आपल्या शेतकरी सभासदांना हे सांगावयास नको की, उत्तम बियाणे घेतले म्हणून पेरणीचा हंगाम आणि जमिनीची जात जाणल्याशिवाय पीक हाती लागत नाही.

याचा दाखला शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. तो आपल्याच भूमीत घडलेला आहे.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला. गोंडांच्या जमिनी जात होत्या, जंगलखात्याचे निर्बंध त्यांच्या शेतीवर आणि चराईवर आले होते, दाद लागत नव्हती. त्यातून तो उठाव झाला. उठाव मोडला, पण तो का झाला हे समजून घेण्याची गरज त्या सरकारलाही भासली. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ त्या काळी हैद्राबाद संस्थानात होते. ते १९४१ च्या सुमारास मारलवाई या गोंड खेड्यात येऊन राहिले. त्यांनी आधी भाषा ऐकली, शेती पाहिली, घराघरांतील नाती समजून घेतली. मदतीची योजना त्यानंतर आली.

१९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. त्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. बाहेरून विद्वान शिक्षक आणून खेड्यांवर बसविण्याऐवजी, मराठीत जेमतेम लिहिता-वाचता येणारे थोडे गोंड तरुण निवडले गेले आणि त्यांनाच शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. मुलांसाठी गोंडीतच वाचनपुस्तके केली. आणि ती देवनागरी लिपीत छापली, कारण अक्षरओळख असलेल्या गोंडांना तीच लिपी ठाऊक होती. पुढे गोंडांना आणि कोलामांना जमिनीचे पट्टे देण्याचे मोठे काम झाले. अर्ज, नकाशे, सरकारी कागद यांत आपल्या माणसाला हात देऊ शकेल असा साक्षर गोंड गावात असणे म्हणजे काय, हे त्या वेळी दिसून आले.

या कामाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे, आणि आपल्या न्यासाच्या व्यासपीठावरून ते घेतलेच पाहिजे. सेतुमाधवराव पगडी हे मूळचे मराठवाड्यातील निलंग्याचे. मराठ्यांच्या इतिहासाचे आणि फारसी कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु त्याआधी ते हैद्राबाद संस्थानच्या सेवेत आपल्या जिल्ह्यात गोंडांसाठी नेमलेले विशेष समाजसेवा अधिकारी होते. त्यांनी गोंडी शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अधिकाऱ्याला हुकूम सोडण्यासाठी दुभाषा पुरतो. पण ज्याला माणसाचे दुःख त्याच्याच तोंडून ऐकावयाचे आहे, त्याला व्याकरणापर्यंत जावे लागते.

पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे आपले तालुके पलीकडे गेले. मुधोळ, भैंसा, कुबीरचा भाग नांदेडमधून इकडे आला. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मारलवाई, जोडेघाट ही गावे कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. सीमा हलल्या, पण मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू बोलणारी माणसे शेजारी शेजारी राहातच आहेत. अशा मुलखात सेवा करणाऱ्याला शिक्षण अधिकच लागते.

आता शेजारी पाहू. पैनगंगेपलीकडे वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली आणि आनंदवन उभे केले. त्यांच्या त्यागाची गोष्ट घरोघर सांगितली जाते. त्यातला एक भाग मात्र आपण घाईने ओलांडतो. कुष्ठरोग्यांची सेवा करावयाची ठरल्यावर वकिली शिकलेला हा मनुष्य कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचे शिक्षण घेऊन आला. तळमळ कोणापेक्षाही कमी नसलेल्या माणसाला आधी विद्यार्थी व्हावेसे वाटले!

प्राणहितेपलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. त्याआधी दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले होते. तिथे जे शिकले ते त्यांनी खेड्यात कसे वापरले? त्यांनी गावांतील जन्म-मृत्यू मोजले, बाळे कशाने दगावतात ते शोधले, आणि गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू, तो प्रयोग नसलेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. मोजदाद केली नसती तर बाळे कदाचित वाचली असती. पण ती कशामुळे वाचली हे कोणास कळले नसते, आणि मग ही रीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या आईपर्यंत पोहोचली नसती.

हे शिक्षण देणारी घरे आपल्या देशात नवी नाहीत. १९०५ साली नामदार गोखल्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सभासदास पाच वर्षांची उमेदवारी घालून दिली होती. महर्षी कर्वे यांनी १९०८ साली निष्काम कर्ममठ काढला, तो आजन्म सेवक घडविण्यासाठीच. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. समाजकार्याचे शिक्षण देणारे हे देशातील पहिले विद्यालय. १९४४ पासून ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखले जाते. त्याचे ग्रामीण केंद्र तुळजापुरास १९८६ साली निघाले आणि पुढे हैद्राबादेतही शाखा झाली. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे. ग्रामीण संस्थांचे व्यवस्थापन शिकविणारी संस्था आणंदला १९७९ साली निघाली. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाने १९८७ साली दानधर्माच्या अभ्यासासाठी केंद्र काढले. पुढे त्याचे स्वतंत्र विद्यालय झाले आणि आज तेथे या विषयात डॉक्टरेटही मिळते.

कोणी विचारील, या विद्यालयांत शिकवितात तरी काय? थोडक्यात असे: गावाची पाहणी कशी करावी, एका कुटुंबाची अडचण कशी ऐकावी, चार गटांत विभागलेल्या वस्तीला एका कामावर कसे आणावे, योजना कशी लिहावी, कायदा काय म्हणतो, हिशेब कसा ठेवावा आणि शेवटी आपल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे कसे तपासावे. आणि हे नुसते वर्गात नव्हे. विद्यार्थ्याला वस्तीत, इस्पितळात, खेड्यात प्रत्यक्ष कामाला धाडतात आणि त्याने केलेले काम जाणती माणसे पाहातात.

याचा आपल्याला उपयोग काय, ते दोन उदाहरणांनी सांगतो. समजा, न्यासाने जुलै महिन्यात समारंभ करून वीस मुलींना शिष्यवृत्ती दिली. टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला आला आणि त्यांतल्या काही मुली शाळेतून शेतात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पैसा तर खर्ची पडला! शिकलेला कार्यकर्ता आधी विचारील की, मुलगी शाळा कोणत्या महिन्यात सोडते? घरी धाकटे भावंड कोण सांभाळते? मग तीच रक्कम तो हप्त्यांनी देईल, वेचणीच्या दिवसांत घरी दोन खेपा घालील, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवील. रक्कम तेवढीच, फळ वेगळे.

दुसरे उदाहरण आरोग्य शिबिराचे. अशक्त, फिकट मुले पाहून रक्तवाढीच्या गोळ्या वाटाव्यात, हा आपला सद्भाव. पण आपल्या भागातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो, आणि तेथे रक्ताची तपासणी न करता गोळ्या वाटून भागत नाही. २०२३ साली सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. जाणता कार्यकर्ता शिबिराआधी त्या यंत्रणेशी संधान बांधील, आणि शिबिरानंतर सहा महिन्यांनी त्या मुलाचे काय झाले हेही विचारील.

काळही बदलला आहे. पूर्वी वर्गणीची वही आणि विश्वस्तांची पत एवढ्यावर संस्था चालत. आता धर्मादाय संस्थेस करसवलतीची नोंदणी ठराविक मुदतीने नवी करून घ्यावी लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात, उत्पन्नाचा बहुतांश भाग उद्दिष्टांवरच खर्च झाल्याचे दाखवावे लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. तो पैसा कोणाकडे जातो? ज्याला गावाची गरज आकड्यांत मांडता येते आणि खर्चाचा चोख हिशेब देता येतो, त्याच्याकडे. आपल्याकडे पन्नास वर्षांचा विश्वास आहे. परंतु विश्वासाला कागदावर उतरविणारा माणूस नसेल तर शेजारच्या खेड्यासाठी आलेला पैसा आपल्या डोळ्यांदेखत दुसरीकडे जाईल.

आता आक्षेप. पहिला असा की, सेवेला पगार कसला? पगार आला की सेवा गेली. आम्ही विचारतो, फर्ग्युसन महाविद्यालयात वीस वर्षे पंचाहत्तर रुपयांवर शिकविणारे कर्वे पगार घेत नव्हते काय? त्या पंचाहत्तर रुपयांनी त्यांची सेवा कमी झाली नाही. उलट त्यांचा संसार चालला म्हणूनच अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. ज्याला घरभाडे द्यावयाचे आहे अशा तरुणाकडून फुकट सेवेची अपेक्षा करणे म्हणजे सेवेचे दार फक्त सुखवस्तूंसाठी उघडे ठेवणे होय. गोंड किंवा भूमिहीन घरातला हुशार मुलगा मग या कामात कधीच येणार नाही. आणि हे काम तर त्यालाच सर्वांत चांगले कळते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शिकून गेलेला मुलगा हैद्राबादेस किंवा मुंबईस राहील, परत येणार नाही. काही जातील, हे कबूल. म्हणूनच मुलगा अथवा मुलगी येथलीच निवडावी, तिला घरच्यांजवळ राहून जगता येईल एवढे वेतन द्यावे, आणि तिच्या कामात विश्वस्तांनी रोज हात घालू नये. मारलवाईने हेच केले होते.

तिसरी भीती अशी की, शिक्षणाने माणूस रुक्ष होईल. तक्ते भरील पण डोळे पुसणार नाही. ही भीती आम्हांसही वाटते. तिच्यावर उपाय एकच. तळमळ असलेल्यालाच शिकवावयास धाडावे. शिक्षण तळमळ निर्माण करीत नाही, तिला दिशा देते.

बंधुभगिनींनो, महोत्सवी निधीतून सभागृहावर आणखी एक मजला चढवावा, अशी सूचना सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. सभागृहाची अडचण खरी आहे. आपल्या लेकींची लग्ने तेथेच लागतात. तरीही आमची नम्र विनंती आहे की, त्या निधीचा निम्मा भाग वेगळा काढावा. त्याच्या व्याजातून दर दोन वर्षांनी या चार जिल्ह्यांतील एका पदवीधरास, मग त्याची घरची भाषा मराठी असो, तेलुगू असो वा गोंडी, समाजकार्याच्या उच्च शिक्षणासाठी पाठवावे. परत आल्यावर तीन वर्षे न्यासाच्या कामावर योग्य वेतनाने नेमावे. आणि स्वतः विश्वस्तांनीही हिशेब व कायदा यांच्या एखाद्या लघु वर्गास वर्षातून एकदा बसावे. वयाने थोरांना वर्गात बसण्याची लाज वाटू नये. बाबा आमट्यांना वाटली नाही.

मजला पाच वर्षांनी चढविला तरी चालेल, विटा थांबतात. आज विशीत असलेला मुलगा मात्र थांबत नाही, तो पोट भरण्यासाठी मिळेल त्या नोकरीकडे निघून जातो. सभेत हात वर करताना एवढा विचार व्हावा, ही प्रार्थना.